लेकीचं पत्र आधी कोण उघडणार?

तुंगार्लीतून मी तुमच्या गटाची समन्वयक बोलते आहे. मागच्या वेळी आपण बँकेच्या व्यवहारांबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मुलांच्या मोबाइलवर जी ईमेल येतात, ती कुणाकडून यावीत आणि कुणाकडून येऊ नयेत, हे कुणी ठरवायचं? आईने, बापाने, शाळेने, कंपनीने की मुलाने स्वतः?

तुम्ही म्हणाल, हा तर आत्ताचा प्रश्न, यात इतिहास कुठून आला? पण ईमेल म्हणजे शेवटी पत्रच. आणि घरातल्या लेकराच्या नावाने, त्यातही लेकीच्या नावाने पत्र आलं तर ते आधी कोण उघडणार, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीपासून गाजतो आहे. त्यावरून भांडणं झाली, बायकांची शिक्षणं अडली, आणि एका पत्रामुळे एक मुलगी डॉक्टरही झाली. म्हणून आधी मागे जाऊ आणि मग मोबाइलकडे येऊ.

आपल्या पणजीच्या आधीच्या बायकांचा विचार करा. नवव्या-दहाव्या वर्षी लग्न व्हायचं. माहेर डोंगरापलीकडे. मुलीला लिहिता येत नाही, वाचता येत नाही. माहेरहून निरोप यायचा तो कुणाच्या तरी तोंडून, नाहीतर सासऱ्याच्या हाती आलेल्या पत्रातून. पत्रात काय लिहिलंय ते वाचणाऱ्याने सांगितलं तेवढंच तिला कळायचं. त्याने एखादी ओळ गाळली तर ती ओळ तिच्यापुरती लिहिलीच गेली नाही! आणि तिला स्वतःला काही कळवायचं असेल तर? ती पहाटे जात्यावर बसायची आणि ओवीत बोलायची. भावाची वाट बघणं, आईची आठवण, सासरचा जाच, सगळं जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातून कामाला सुरुवात करून राज्यातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखाच्या वर ओव्या जमा केल्या. त्या वाचल्या की लक्षात येतं, या बायकांजवळ सांगण्यासारखं केवढं होतं! त्यांच्याकडे पत्र नव्हतं, एवढंच.

मग लिहायला शिकवावं ना मुलींना? तिथेच तर घोडं अडलं. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. लोकांनी काय काय भीती घातली ते आपण सगळ्याच जाणतो. शिकलेल्या बाईच्या नवऱ्याच्या ताटातल्या अन्नात अळ्या होतात, असंही म्हणायचे. पण त्या काळी आणखी एक आक्षेप फार जोरात घेतला जायचा. बाई लिहायला शिकली तर ती परक्या पुरुषांना पत्रं लिहील! म्हणजे बघा, मुलीच्या हातात लेखणी येण्याआधीच तिच्या पत्राची भीती घरात शिरली होती.

प्रत्यक्षात काय झालं? सावित्रीबाई आजारपणात नायगावला माहेरी गेल्या होत्या तेव्हा, १८५६ साली, त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. भाऊ जातीच्या रूढींवरून त्यांच्या कामाला कसा नावं ठेवत होता आणि त्याला त्यांनी विद्येचं महत्त्व कसं समजावून सांगितलं, हे त्यात आहे. लिहायला शिकलेल्या बाईने लेखणीने काय केलं, याचा हा पुरावा. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली, त्या अकरा वर्षांच्या असताना झालं. महादेव गोविंद रानडे त्यांना घरी शिकवायचे, आणि घरातल्या मोठ्या बायका त्यावरून त्यांना टोमणे मारायच्या. ते सगळं त्यांनी १९१० साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलीच्या वाचण्या-लिहिण्यावर पहारा ठेवणारे नेहमी पुरुषच होते असं नाही. सासवा, नणंदा, आत्या यांनीही तो ठेवला. आज आपण आया आहोत, सासवा आहोत. म्हणजे पहाऱ्यावर आता आपणही उभ्या आहोत.

आता जुनं टपाल कसं चालायचं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय ईमेलचा घोळ नीट कळणार नाही.

१ ऑक्टोबर १८५४ पासून आपल्या देशात टपालाचा एकच दर झाला. पाव तोळा वजनापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात कुठेही जाऊ लागलं, मग ते पुण्याहून मुंबईला जावो नाहीतर कलकत्त्याला. तिकीट न लावता पत्र टाकलं तर घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरावे लागायचे. आपण त्याला नॉटपेड पत्र म्हणायचो. मग १८७९ साली पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं. दरम्यान १८६३ साली आपल्या भोर घाटातून आगगाडी सुरू झाली. त्या घाटाच्या कामाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. तेव्हा तुंगार्ली-खंडाळ्याच्या बायकांनो, ती गाडी बघताना त्या बाईची आठवण ठेवायला हरकत नाही. विलायतेहून बोटीने मुंबईला उतरलेलं टपाल याच घाटाने पुण्याकडे चढू लागलं.

अशा या टपालाच्या वाटेवर तीन चौक्या होत्या.

पहिली चौकी पैशाची. पत्र लिहिणाऱ्याला पदरचे पैसे मोडावे लागत. अर्धा आणा तेव्हा गरिबाला काही थोडा नव्हता. त्यामुळे कुणी उगाच हजार माणसांना पत्रं टाकत बसत नसे.

दुसरी चौकी पोस्टमनची. गावात पत्र आणणारा माणूस सगळ्यांना ओळखायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तोच वाचून दाखवायचा, मनीऑर्डरचे पैसे तोच मोजून द्यायचा. कुणाच्या घरी काय येतं, हे त्याला ठाऊक असायचं. पण पत्र उघडायचा अधिकार त्याला नव्हता. १८९८ च्या टपाल कायद्यात टपालखात्याच्या नोकराने लोकांचं पत्र उघडणं किंवा अडवून ठेवणं हा गुन्हा ठरवला होता.

तिसरी चौकी घराची. पत्र उंबऱ्याच्या आत आलं की तिथे मात्र कुठलाच कायदा नव्हता. कार्डाचा कोपरा फाडलेला असला तर वाचण्याआधीच घरात रडारड. हळदीकुंकू लावलेलं असलं तर लग्नाची बातमी. बाकीचं घरातला कर्ता पुरुष आधी वाचणार आणि मग ज्याचं त्याला सांगणार. पोस्टकार्ड तर उघडंच. ते आख्ख्या घराने वाचायचं.

या तीन चौक्या डोक्यात ठेवा. आता एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे, पण तिच्या गोष्टीत पत्राचं काम किती मोठं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं आणि नाव आनंदी ठेवलं. गोपाळराव बिजवर, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. आणि नोकरी कुठे? टपालखात्यात, कारकून! म्हणजे पत्रांच्या दुसऱ्या चौकीवरही तेच आणि तिसऱ्या चौकीवरही तेच. बायकोला शिकवायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. उपचार मिळाले नाहीत. तेव्हापासून तिने डॉक्टर व्हायचं मनात घेतलं.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला, रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं की माझ्या बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का. उत्तर आलं त्यात ख्रिस्ती व्हा, असा सूर होता. तो गोपाळरावांना मान्य नव्हता. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. पुढे १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत वाचायला म्हणून त्यांनी समोरचं मासिक हातात घेतलं आणि ते पत्र वाचलं. त्यांना राहवलं नाही. त्यांनी पत्र लिहिलं.

आता आपण त्या घरात असतो तर काय झालं असतं, विचार करा. पंधरा वर्षांची मुलगी. सातासमुद्रापलीकडून एका अगदी अनोळखी, परधर्माच्या, परजातीच्या बाईचं पत्र. आपल्यापैकी किती जणींनी ते पत्र मुलीच्या हातात दिलं असतं? मी तर म्हणते, दहातल्या नऊ घरांत ते चुलीत गेलं असतं.

गोपाळरावांनी ते अडवलं नाही. आनंदीने स्वतः उत्तरं लिहिली, इंग्रजीतून. पत्रामागून पत्र जाऊ लागलं. तेव्हा अमेरिकेची टपाल यायला-जायला आठवडेच्या आठवडे लागायचे. आनंदी कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागली. इकडच्या चालीरीती, सण, बायकांचं जिणं, ती लिहायची. मावशी तिकडचं लिहायच्या. पुढे आनंदीची तब्येत बिघडली, डोकं दुखायचं, ताप यायचा, तर मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली. बघता बघता अनोळखी बाई घरची झाली.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदी कलकत्त्याहून बोटीवर चढली. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला घ्यायला याच कार्पेंटर मावशी आल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. पण शरीर पार खचलं होतं. परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे त्यांच्या घरच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. एका अनोळखी पत्राने जुळलेलं नातं इथवर गेलं.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच राहील. गोपाळराव म्हणजे सगळं चांगलं, असं म्हणता येत नाही. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून त्यांनी त्या लहान मुलीला मारलं आहे. पुढे ती अमेरिकेत असताना तेच गोपाळराव पत्रांतून तिच्यावर संशय घ्यायचे, टाकून बोलायचे. आणि तिने त्यांना उत्तरात लहानपणची मारहाण आठवण करून दिली, स्पष्ट शब्दांत सुनावलं. हे सगळं त्यांच्या पत्रांत आहे. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं तेव्हा त्यांनी या पत्रांचा आधार घेतला.

म्हणजे एकाच माणसाने एक दार उघडलं आणि त्याच माणसाने दुसरीकडे धाक ठेवला. याच्यातून मला जे समजलं ते असं. आनंदीला जे पत्र फळलं, त्याच्याभोवती तीन गोष्टी होत्या. एक, पत्र लिहिणारीचं नाव, गाव, पत्ता सगळं उघड होतं. दोन, पत्र येतं आहे हे घरात माहीत होतं, चोरून काही नव्हतं. आणि तीन, उत्तर आनंदी स्वतः लिहीत होती, तिच्या मनातलं लिहीत होती. पत्र कुणाचं आहे हे घराला ठाऊक होतं आणि पत्रातलं बोलणं मात्र तिचं होतं. जिथे जिथे गोपाळरावांनी तिच्या मनावर पहारा ठेवायला बघितलं, तिथे तिथे त्या दोघांचं नातं दुखावलं.

हे लक्षात ठेवून आता ईमेलकडे या.

ईमेलची सुरुवात १९७१ सालची. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला आणि पत्त्यात ते ॲटचं गोल चिन्ह घातलं. आपण आजही ईमेल सांगताना 'ॲट' म्हणतो ना, ते त्याचं. १९७८ च्या मे महिन्यात एका कंपनीच्या विक्रेत्याने आपल्या मशिनची जाहिरात एकदम सुमारे चारशे जणांना पाठवली. नको असलेल्या मेलची, ज्याला स्पॅम म्हणतात, ती सुरुवात धरतात. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. आणि आता ते आपल्या पदराच्या टोकाला, मोबाइलमध्ये आलं.

यात झालं काय? जुन्या तीन चौक्यांपैकी पहिली गेली. ईमेल पाठवायला पाव आणाही लागत नाही. एकाला पाठवा नाहीतर एक लाख जणांना, खर्च जवळजवळ सारखाच. दुसरी चौकीही गेली. पोस्टमन नाही, ओळखीचा माणूस नाही. कंपनीचं यंत्र काही मेल बाजूला काढतं खरं, पण ते तुमच्या पोरीला ओळखत नाही. आता उरली फक्त तिसरी चौकी, घराची. आणि ती चौकी मोबाइलच्या कुलपाआड आहे. पूर्वी पत्र आलं की ओट्यावर सगळ्यांसमोर यायचं. आता ते मुलीच्या मुठीत येतं, रात्री अकरा वाजता, गोधडीखाली.

अशा वेळी आपण दोन टोकं गाठतो. एक टोक म्हणजे बघायचंच नाही. आपल्याला त्यातलं कळत नाही, पोरं हुशार आहेत, बघतील ती. दुसरं टोक म्हणजे मोबाइलच काढून घ्यायचा.

या दुसऱ्या टोकाबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. गटांच्या बैठकांमध्ये हा प्रकार मी वारंवार ऐकते. मुलीला कुणीतरी घाणेरडा मेल किंवा मेसेज पाठवतो. दोष पाठवणाऱ्याचा. पण घरात शिक्षा कुणाला? मुलीला. मोबाइल बंद, ईमेल बंद, क्लास बंद, आणि मग "आता स्थळ बघा" असं सुरू होतं. आज सीईटीचा फॉर्म भरायचा तर ईमेल लागतो. प्रवेशाचे, परीक्षेचे निरोप तिथेच येतात. मुलीचा ईमेल बंद करणं म्हणजे तिच्या शाळेच्या वाटेवर काटे टाकणं. आणि हे मुलींना पक्कं ठाऊक असतं. म्हणून काही वाईट आलं तरी त्या आईला सांगत नाहीत. सांगितलं की मोबाइल जाणार! वाईट माणसाला नेमकं हेच हवं असतं. मुलगी गप्प राहिली की त्याचं फावतं.

दीडशे वर्षांपूर्वी म्हणत होते, मुलगी लिहायला शिकली तर परक्याला पत्र लिहील, म्हणून शाळाच नको. आज आपण म्हणतो, परक्याचा मेल येईल, म्हणून मोबाइलच नको. दोन्हीकडे विचार तोच आहे, बायांनो.

मग करायचं काय? चौकी ठेवायची, पण मुलाच्या वयाप्रमाणे ती मागे मागे सरकवत न्यायची.

साधारण दहा वर्षांपर्यंत मुलाला स्वतःचा ईमेल हवाच असं नाही. शाळेला पत्ता हवा असेल तर आईचा द्यावा. बापाचा चालेल, पण आईचाही एक असू द्या, कारण शाळेचे निरोप वाचायला बहुतेक आपणच असतो. ज्या ताईंचा स्वतःचा ईमेल अजून नाही, त्यांनी गटातल्या शिकलेल्या मुलीकडून आधी तो काढून घ्यावा.

त्यानंतर तेरा वर्षांपर्यंत खातं काढायचंच झालं तर आईबापांच्या खात्याला जोडून काढायचं. गूगलमध्ये तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकालाच काढून द्यावं लागतं. त्यासाठी फॅमिली लिंक नावाचं ॲप आहे. त्यातून कुठली ॲप चालतील, मोबाइल किती वेळ चालेल हे ठरवता येतं, पण मेलमधला मजकूर त्यात दिसत नाही. मेल कुणाचे यावेत हे ठरवायचं तर मेलच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. आउटलुकच्या मेलमध्ये तर अशी सोय आहे की आपण दिलेल्या यादीतल्या पत्त्यांवरूनच आलेली पत्रं समोर येतील आणि बाकीची जंक नावाच्या कप्प्यात पडतील. जीमेलमध्येही संगणकावर बसून फिल्टर लावता येतात. ही यादी मुलाला शेजारी बसवून करा. शाळा, बाई, मामा, आत्या, क्लास, मैत्रिणी. कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं नाही यावर जे बोलणं होईल ना, ते त्या सेटिंगपेक्षा जास्त कामाचं आहे. आणि तो बाजूचा कप्पा आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून बघायचा. न जाणो, एखादी कार्पेंटर मावशी तिथे जाऊन पडली असेल!

तेरा ते अठरा या वयात आपण पाकीट बघायचं, पत्र वाचायचं नाही. पाकीट बघायचं म्हणजे कोण लिहितं आहे, त्याचा पूर्ण पत्ता काय, हे मुलीला तपासायला शिकवायचं. मेलवर नाव काहीही लावता येतं. वर 'शिष्यवृत्ती विभाग' लिहिलेलं असतं आणि नावावर बोट ठेवलं की खाली भलताच पत्ता निघतो. सरकारी पत्त्याच्या शेवटी बहुधा जीओव्ही डॉट इन असतं, हे ध्यानात ठेवा. आणि पत्ता बरोबर दिसला तरी मेलमधून ओटीपी, आधार नंबर, फोटो मागितला तर द्यायचा नाही. नको असलेल्या माणसाला ब्लॉक करायचं. जीमेलमध्ये ब्लॉक केलं की त्याचे पुढचे मेल स्पॅममध्ये जातात.

मुलांनाही खासगी पत्राचा हक्क आहे, हे मी मनाने सांगत नाही. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ साली झाली आणि आपल्या देशाने ती १९९२ साली मान्य केली. तिच्या सोळाव्या कलमात मुलांच्या पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ करू नये असं लिहिलं आहे. त्याच संहितेत मुलांना जपण्याची जबाबदारी आईबापांवरही आहे. दोन्ही एकत्र चालवायचं आहे. लपून मेल वाचायचे नाहीत. बघायचं असेल तर तिला सांगून, तिच्यासमोर बघायचं. आणि जो नियम मुलीला, तोच मुलाला. मुलाचा मोबाइल मोकळा आणि मुलीच्या मोबाइलवर पहारा, हे चालणार नाही. घाणेरडे मेल पाठवणारा कुणाच्या तरी घरचा मुलगाच असतो ना!

कायदाही थोडा आपल्या बाजूने सरकला आहे. २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे. मुलांची माहिती घेण्याआधी कंपन्यांनी आईबापांची खात्रीशीर संमती घ्यायची आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण हा कायदा कंपन्यांसाठी आहे. वाईट हेतूने लिहिणाऱ्या माणसासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. लैंगिक हेतूने मुलाच्या मागे मोबाइल किंवा इंटरनेटवरून लागणं हाही त्यात गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असं काही झालं तर तो मेल पुसू नका. तोच पुरावा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर फुकट आहे, तातडीची वेळ असेल तर ११२ लावा. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३०. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे.

मला शेवटी एकच सांगायचं आहे. घराची चौकी आपल्याकडे आली आहे, ती आपण चालवायची. पण त्या चौकीवर मुलीला आपली भीती वाटता कामा नये. वाईट पत्र आलं तर ते घेऊन ती पहिली आपल्याकडे धावत आली पाहिजे. त्यासाठी आजच तिला एक वचन द्या, की तुला कुणी काही वाईट पाठवलं तर मी तुझा मोबाइल काढून घेणार नाही आणि तुझी शाळा थांबवणार नाही. हे वचन दिलं आणि पाळलं, तर कुठल्याही सेटिंगपेक्षा त्याचा पहारा मोठा.

पुढच्या मासिक बैठकीत हजेरी आणि बचत झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाकुणाच्या मुलांची ईमेल खाती आहेत, त्यांचा पासवर्ड विसरला तर परत मिळवायला कुणाचा नंबर दिला आहे, एवढं तरी विचारा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. अनेकदा तो नंबर सायबर कॅफेवाल्याचा नाहीतर भलत्याच कुणाचा निघतो. तो बदलून आईचा घाला.